सोमवार सोडताना : मोडाची उसळ आणि रानची भाजी

श्रावण लागला म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांतील गृहिणीवर एकाच वेळी दोन कामांचा भार येतो. बांध्यांमध्ये गुडघाभर चिखल झालेला असतो, धानाची रोवणी अर्ध्यावर आलेली असते आणि पाऊस उघडीप देईल तेवढ्यात ती उरकायची असते. त्याच दिवसांत घरी श्रावणी सोमवार, मंगळागौर, शुक्रवारची जिवती, नागपंचमी, राखी अशी सणावारांची रांग लागते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली या धानपट्ट्यांतील किंवा आरमोरी, देसाईगंज, चामोर्शीकडील बाई पहाटे महादेवाला बेल वाहून बांधीवर जाते, दिवसभर वाकून रोवणी करते आणि दिवेलागणीच्या सुमारास परत येते. तिचा त्या दिवशी उपवास असतो आणि घरातील पाच-सात माणसांचा उपवास तिलाच सोडवायचा असतो. श्रावणी सोमवारच्या जेवणाचा विचार करताना ही बाई प्रथम डोळ्यांसमोर आणावी, मग पाककृतीकडे वळावे, असे आम्हांस वाटते.

श्रावणी सोमवारचे व्रत हे धर्मशास्त्राच्या परिभाषेत नक्तव्रत होय. दिवसा अन्न न घेता सूर्यास्तानंतर एकदाच भोजन करावयाचे, हा त्याचा गाभा. एकादशीला दुसऱ्या दिवशी पारणे असते. सोमवारचे तसे नाही. त्याच सायंकाळी देवाला नैवेद्य दाखवून पाने मांडली जातात. म्हणजे या व्रतात स्वयंपाकाला मुदत आहे. मुले दुपारपासून चुलीकडे पाहत असतात, वडीलधारी मंडळी हातपाय धुऊन देवापुढे बसलेली असतात आणि बाईचे दोन हात थकलेले असतात. अशा वेळी पुऱ्या, भजी, खीर असा तळणीचा घाट घातला जातो तो बहुधा हौसेपेक्षा सवयीने. दिवसभर साबुदाणा आणि चहा यांवर काढलेल्या पोटात रात्री एकदम तळण गेले की मंगळवारची सकाळ कशी जाते, हे आपणां सर्वांच्या अनुभवाचे आहे.

यावर आपल्या घरातच एक उपाय आहे. तो म्हणजे मोड आलेले कडधान्य आणि एक हिरवी भाजी. त्याला या जिल्ह्यांत रोजचा असलेला भात, पातळ वरण आणि नैवेद्यापुरते गोड जोडले म्हणजे चुलीपुढे पाऊण तासाहून अधिक न बसता देवाला आणि माणसाला पुरेसे असे ताट तयार होते.

मुगाचे या व्रताशी नातेही आहे. नवविवाहित मुलगी पहिली पाच वर्षे श्रावणात महादेवाला शिवामूठ वाहते. पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या सोमवारी तीळ, तिसऱ्या सोमवारी मूग, चौथ्या सोमवारी जव, काही घरी जवस, आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू. वैनगंगेच्या काठचे मार्कंडा असो, चंद्रपुरातील अंचलेश्वर असो की गावाबाहेरच्या वडाखालची साधी पिंडी असो, तिच्यावर वाहिली जाणारी ही धान्ये पाहिली तर एका शेतकरी घराचे वर्षभराचे कोठार त्यांत दिसते. भात पोट भरतो, तीळ स्निग्धता देतो, मूग बळ देतो. धानपट्ट्यात तर भात आणि मूग या जोडीला फारच अर्थ आहे. पश्चिम विदर्भात ज्वारीची भाकर मुख्य. येथे तिन्हीत्रिकाळ भात. दादाजी खोब्रागडे यांच्यासारख्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या शेतकऱ्याने स्वतःच्या बांधीत निवड करून एच.एम.टी. हा तांदूळ काढला आणि तो देशभर गेला, इतके या मातीचे धानाशी सख्य आहे. परंतु शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात प्रथिने सुमारे ७ ग्रॅम, तर तेवढ्याच मुगात सुमारे २४. शिवाय तांदळात लायसीन नावाचा जो घटक कमी पडतो तो कडधान्यात भरपूर असतो आणि कडधान्यात जो मेथिओनिन उणा असतो तो तांदळात बऱ्यापैकी असतो. दोन्ही एका पानात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. आजीने भातावर उसळ वाढताना हा हिशेब मांडला नव्हता, पण पान तिने बरोबर वाढले होते.

मोड आल्याने नेमके काय घडते याविषयी बरेच गैरसमज आहेत. मोड आले की प्रथिने दुप्पट होतात असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते. ते खरे नाही. दाण्याने पाणी प्यायल्यामुळे वजनाच्या मानाने ती उलट कमी भरतात. खरा लाभ वेगळा आहे. कोरड्या दाण्यात पुढच्या रोपासाठी सारे साहित्य कुलूपबंद असते. पाणी, ऊब आणि हवा मिळाली की दाणा जागा होतो, त्याच्यातील पाचक द्रव्ये कामाला लागतात, पिष्ट आणि प्रथिने सुटी होऊ लागतात. लोह आणि जस्त यांना धरून ठेवणारे फायटिक आम्ल कमी होते, पोटात वायू धरणाऱ्या शर्करा कमी होतात आणि कोरड्या मुगात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्व मोडात तयार होते. दाणा मऊ झालेला असल्याने तो शिजतोही लवकर. ज्या घरी आजही सरपण जंगलातून डोक्यावर आणावे लागते, किंवा सिलिंडर आहे पण तो जपून वापरावा लागतो, त्या घरी दहा मिनिटांचा जाळ वाचणे ही लहान गोष्ट नव्हे.

मात्र मोड हे घाईत येत नाहीत. सायंकाळची घाई टाळायची तर आदल्या दिवशीची आठवण हवी. मूग किंवा मोट (पुण्या-मुंबईकडे हिला मटकी म्हणतात) रविवारी सकाळी निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, तिप्पट पाण्यात भिजत घालावी. संध्याकाळी पाणी पूर्ण निथळून स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात सैल पुरचुंडी बांधावी. कापड ओले असावे, पण दाणे पाण्यात बसलेले नसावेत. सोमवारी सायंकाळी बांधीवरून परत येईपर्यंत बोटाच्या अर्ध्या पेराएवढे मोड आलेले असतात. बरबटी, म्हणजे चवळी, आणि गावरान चणा यांना अधिक वेळ लागतो. ते शनिवारी रात्रीच भिजवावेत. पाच माणसांना दीड वाटी मूग पुष्कळ होतात. मोड आल्यावर ते अडीच ते तीन पटींनी फुगतात.

पावसाळ्यात एक काळजी घ्यावी लागते. श्रावणातील दमट उबेत मोड जसे झपाट्याने येतात, तसाच त्यांना वासही लवकर येतो. पुरचुंडी सकाळ-संध्याकाळ सोडून दाणे उकळून गार केलेल्या पाण्याने हलकेच धुवावेत आणि पुन्हा बांधावेत. डबा घट्ट झाकू नये. हाताला बुळबुळीत लागले किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरण्याचा मोह न धरता ते टाकून द्यावेत. आणि मोड कच्चे खाण्याचे जे खूळ शहरांतून आले आहे ते पावसाळ्यात तरी दूर ठेवलेले बरे. ज्या ओलाव्यात मोड वाढतात त्याच ओलाव्यात जंतूही वाढतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि आजारी माणसे यांना मोड शिजवूनच द्यावेत. आपल्या पूर्वजांनी उसळ शिजवली, त्यात शहाणपण होते.

आता स्वयंपाकाचा क्रम. आधी तांदूळ धुऊन ठेवावेत आणि वरणाची डाळ शिजत लावावी. डाळ शिजेपर्यंत भाजी निवडून, खळखळून धुऊन घ्यावी. भात चढला की दुसऱ्या चुलीवर उसळीची कढई ठेवावी. सोमवारच्या नैवेद्यात बहुतेक घरी कांदा-लसूण चालत नाही आणि मोडाच्या उसळीला त्याची गरजही नाही. दोन चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, आल्याचा लहान तुकडा आणि ठेचलेली हिरवी मिरची घालून फोडणी करावी, मोड परतावेत, अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकण ठेवावे. मूग सात-आठ मिनिटांत होतात. दाणा बोटाने दाबला जावा, पण फुटू नये. मोटीला दोन मिनिटे जास्त. बरबटी आणि चणे मात्र कुकरमध्ये एक-दोन शिट्ट्या देऊन मग फोडणीस टाकावेत. मीठ, चिमूटभर गूळ आणि वरून सांभार. ओले खोबरे या भागात विकतचे. त्याऐवजी भाजलेल्या तिळाचे कूट एक चमचा टाकले तर उसळीला अंग येते आणि दुसऱ्या सोमवारच्या शिवामुठीतला तीळही सत्कारणी लागतो. लिंबू पिळायचे ते कढई उतरवल्यावर, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने नाहीसे होते आणि भाजीतील लोह अंगी लागायला तेच उपयोगी पडते. जेवणानंतर लगेच चहा घेण्याची जी रीत पडली आहे ती नेमकी उलट काम करते. चहा लोहाला अडवतो. उपवासाच्या दिवशी तरी तो तासभर मागे ढकलावा.

गोव्यातील हिंदू घरांतून सणाच्या पानात मोडाच्या मुगांची नारळ घातलेली मूगागाठी असते, कोकणात सोललेल्या वालाचे बिरडे असते. आपल्याकडील साधी उसळ त्यांच्या पंक्तीला बसायला मुळीच संकोचणार नाही. वालाला आपल्याकडे पोपट म्हणतात आणि त्याच्या शेंगांचा बहर थंडीत. म्हणून श्रावणात मूग, मोट, बरबटी हीच खरी.

येथे एका धान्याविषयी स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. या जिल्ह्यांत धान कापणीपूर्वी बांधीतील ओलीवर लाखोळी फेकण्याची जुनी रीत आहे. तिची कोवळी भाजी हिवाळ्यात आवडीने खाल्ली जाते, डाळही होते. परंतु लाखोळीच्या दाण्यात एक विषारी द्रव्य असते आणि दुष्काळात जेथे महिनोन् महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली गेली तेथे माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. म्हणूनच १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली. नंतर त्या बंदीविरुद्ध नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांच्यासारख्यांनी दीर्घ काळ लढा दिला. तो वाद आपल्या जागी राहो. आजीच्या हातची लाखोळीची भाजी अधूनमधून ताटात आली तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण स्वस्त मिळते म्हणून घरादाराच्या रोजच्या उसळीसाठी लाखोळीचे दाणे भिजत घालू नयेत. मूग-मोट असताना त्याची गरज नाही.

आता हिरव्या भाजीकडे वळू, कारण श्रद्धाळू घरांतून येथे एक रास्त शंका निघते. चातुर्मासात पहिल्या महिन्यात शाक, दुसऱ्यात दही, तिसऱ्यात दूध आणि चौथ्यात द्विदल म्हणजे डाळी वर्ज्य, असे व्रत सांगितले आहे. मग श्रावणी सोमवारी पालेभाजी कशी चालेल?

या प्रश्नाला दोन अंगे आहेत. शास्त्रकारांनी शाक शब्द फार व्यापक घेतला आहे. त्यात पानच नव्हे तर मूळ, फूल, फळ, साल यांचाही समावेश होतो. तो अर्थ तंतोतंत पाळायचा तर भोपळा आणि दोडकाही वर्ज्य ठरेल. म्हणून व्यवहारात बहुतेक घरांनी हे व्रत पालेभाजीपुरते ठेवले. जे हे व्रत आषाढी एकादशीला धरतात त्यांचा शाकवर्ज्याचा महिना श्रावण शुद्ध एकादशीच्या सुमारास संपतो. तेव्हा अशा घरी पहिल्या एक-दोन सोमवारी मोडाच्या उसळीसोबत दोडका, भेंडी, काकडीची कोशिंबीर असावी आणि पालेभाजी त्यानंतरच्या सोमवारांना यावी. जे संपूर्ण श्रावण पाळतात त्यांनी भाद्रपदाची वाट पाहावी. ती वाट पाहण्यासारखीच आहे, त्याविषयी पुढे येईलच. ज्यांनी हे व्रत घेतलेच नाही त्यांना प्रश्न उरत नाही. या वर्ज्यामागे पहिल्या पावसातील पाल्यावर असणारी माती, अळ्या आणि किडे यांचा विचार असावा, असे जाणते लोक सांगतात आणि ते पटण्यासारखे आहे.

दुसरे अंग मात्र ग्रंथात नाही, ते रानात आहे. आषाढ-श्रावण हे या जिल्ह्यांत कोठी रिकामी होण्याचे महिने. मागील धान संपत आलेले, नवे अजून बांधीत. ज्या घरी व्रताचा संकल्प सोडण्याइतकी निवड आहे त्याने शाक वर्ज्य करावे; पण ज्या घरी भातावर घालायला दुसरे काही नसते, तेथे याच महिन्यांत जंगलाने वाढलेले पान हा उपवास मोडण्याचा प्रकार नसून दिवस काढण्याचा आधार आहे. गडचिरोलीत शोधग्रामला राहून काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांनी ‘गोईण’ या पुस्तकात या भागातील स्त्रियांचे झाडा-वेलींशी असलेले नाते त्यांच्याच तोंडून टिपले आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. झाडाला मैत्रीण म्हणणाऱ्या या बायकांच्या ज्ञानापुढे आमच्यासारख्या पुस्तकी लिहिणाऱ्यांनी नम्रच असावे. गोंड आणि माडिया समाजांत नवे फळ, नवे धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना देऊन मगच तोंडात घालण्याची रीत आहे. त्या सणांना पंडुम म्हणतात. नैवेद्यावाचून घास नाही, ही भावना तेथेही आहे आणि येथेही.

पहिल्या पावसाबरोबर बांधावर, अंगणात, पडीत सर्वत्र तरोटा उगवतो. शहरात त्याला तण म्हणतात. येथे त्याची भाजी होते. तो हातभर वाढण्यापूर्वीच कोवळे शेंडे खुडावेत. पुढे तो कडू आणि चरबट होतो आणि त्याच्या बियांचा तर अन्न म्हणून विचारच करू नये. कोवळा तरोटा उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटे वाफवून, पिळून, जिरे-मिरचीच्या फोडणीत टाकावा आणि त्यातच मूठभर मोड आलेले मूग घालावेत. दोन पदार्थांऐवजी एकाच कढईत काम होते. वेळ फारच कमी असेल त्या सोमवारी उसळ वेगळी करूच नये. ही मूग-तरोट्याची भाजी, भात आणि वरण पुरे.

चिवळ, केणा, पातूर, कुंजर, काटेमाठ, खापरखुटी, कुरडू ही नावे जुन्या पिढीला पाठ असतात. नव्या सुनेला त्यांतील दोनच माहीत असतात, याचे दुःख करत बसण्यापेक्षा सासूने तिला सोबत घेऊन अंगणात दाखवावीत. चिवळ मुगाच्या मोडांबरोबर फार छान लागते. तिला चिरण्याचीही फारशी गरज नसते. अंबाडी आंबट, ती शिजवून, पाणी काढून, तांदळाच्या कण्या आणि थोडी तूरडाळ घालून घोटावी. धोपा, म्हणजे अळू, खाजरा. त्याला चिंचेवाचून हात लावू नये आणि तो नीट शिजवावा. अनोळखी पान मात्र केवळ दुसऱ्यासारखे दिसते म्हणून पातेल्यात टाकू नये. ओळखणाऱ्या बाईला विचारावे, आणि शंका राहिलीच तर त्या दिवशी दोडका चिरावा.

भाजी धुण्याचा आळस करू नये. पाने देठांसकट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून, नंतर दोन पाण्यांनी खळबळून घ्यावीत. चिरायची ती धुतल्यानंतर. आणि रस्त्याच्या कडेची किंवा नुकतीच फवारणी झालेल्या शेताच्या धुऱ्यावरची भाजी फुकट मिळाली तरी आणू नये.

नागपंचमीची गोष्ट थोडी वेगळी. त्या दिवशी चिरणे, कापणे, तळणे, तव्यावर भाजणे पुष्कळ घरी वर्ज्य. विळीला हात लावायचा नाही म्हटले की गृहिणी गोंधळते. मोडाची उसळ त्या दिवशी अगदी चपखल बसते. तिला विळी लागत नाही, तवा लागत नाही. मिरची हाताने मोडून आणि आले ठेचून घातले की झाले.

बाजारात मिळणाऱ्या रानभाजीविषयीही दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. चंद्रपूरच्या गोल बाजारात किंवा कोणत्याही आठवडी बाजारात पळसाच्या पानावर भाजीचे वाटे मांडून बसलेल्या बाया आपण पाहतो. ब्रह्मपुरी वनविभागात आणि ताडोब्याच्या आसपास वाघांची संख्या वाढली, तशा जंगलात सरपण, मोह, तेंदूपान, भाजी आणायला गेलेल्या माणसांवर हल्ले होण्याच्या घटनाही वारंवार घडल्या आहेत, आणि त्यांत बायांचे प्राण गेले आहेत. तेव्हा पाच रुपयांसाठी घासाघीस करण्यापूर्वी ती भाजी कोठून आली याचा विचार व्हावा. नवी भाजी हवीच म्हणून कोणाला आत दाट जंगलात पाठवू नये. अंगणातला तरोटा, परसातला माठ आणि घरात आणलेले मोड यांवर नैवेद्य पूर्ण होतो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. ज्या गावाचे जंगल त्याच गावाकडे राहिले तर काय तोडावे, काय राखावे हे गाव ठरवते. कोवळ्या बांबूचे वास्ते सारेच खुडले तर पुढे बांबू उरत नाही. ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे अलीकडे रानभाजी महोत्सव भरवले जातात. तेथे गर्दी होते ही आनंदाची गोष्ट. मात्र तेथे पाहिलेले पान दुसऱ्या दिवशी पोतेभर खुडण्याची चढाओढ लागू नये.

पूर्व विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तरोगाचे प्रमाण मोठे आहे. लोहाची कमतरता आणि सिकलसेल या दोन वेगळ्या गोष्टी होत. मूग, पालेभाजी आणि लिंबू यांनी लोह कमी असलेल्या स्त्रीला हातभार लागतो. सिकलसेल त्याने बरा होत नाही. घरात कोणी सतत फिकट, थकलेले, सांधेदुखीने बेजार असेल तर रक्ताची तपासणी करून घ्यावी. लोहाच्या गोळ्याही अशा माणसाने डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात, आणि त्याने उपवास धरावा की नाही हेही. देवाला अशक्त माणसाचा उपवास लागत नाही. व्रतांमध्ये आजारी, गरोदर आणि वृद्ध यांना पूर्वीपासूनच मोकळीक आहे.

श्रावण अमावास्येला पोळा येतो. बैलाला आंघोळ, झूल, बाशिंग आणि पुरणपोळी. त्यानंतर पाचव्या दिवशी ऋषिपंचमी. कश्यप, अत्रि, भरद्वाज, विश्वामित्र, गौतम, जमदग्नी, वसिष्ठ आणि सोबत अरुंधती यांचे पूजन करून त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे काहीही खावयाचे नसते. नांगरलेल्या जमिनीतील धान्य नाही, डाळ नाही. म्हणजे मोडाची उसळही नाही. परसातील धोपा, लाल माठ, भोपळा, दोडका, भेंडी, मक्याचे कणीस यांची एकत्र भाजी करावयाची. तांदूळ हवा असेल तर न पेरता पाणथळीत आपोआप उगवणारा देवभात. शेजारच्या छत्तीसगढात श्रावण वद्य षष्ठीला, बलरामाच्या जन्मदिवशी, माता असाच उपवास धरतात. हलधराचा दिवस म्हणून त्या दिवशी नांगरलेले वर्ज्य, आणि ताटात पसहर नावाचा हाच जंगली तांदूळ व सहा भाज्या. कोरची, कुरखेड्याच्या सीमेपलीकडे ही चाल आणि अलीकडे ऋषिपंचमी. वर्षभर ज्या बैलाने चिखल तुडवला त्याला एक दिवस ताटातून मोकळे करायचे, ही कल्पना नांगर, बैल आणि जंगल एकत्र नांदणाऱ्या या प्रदेशाला शोभते. ज्यांनी श्रावणभर पालेभाजी वर्ज्य केली त्यांच्या ताटात ती ऋषिपंचमीला मानाने परत येते. मोडाची पाळी मात्र कार्तिकात पुन्हा चुकते, कारण तो द्विदलवर्ज्याचा महिना. कार्तिकी एकादशीनंतर पोपटाच्या शेंगा भरू लागतात आणि मग उसळीला पुन्हा घरात प्रवेश मिळतो.

श्रावणाकडे परत येऊ. सोमवारी मूग जरा जास्तच भिजवावेत. उसळीसाठी लागतील तेवढे काढून घेतल्यावर उरलेले, मिळाल्यास शीतकपाटात, नाहीतर दुसऱ्या ओल्या कापडात घालून ओट्यावर थंड जागी ठेवावेत. मंगळवारी मंगळागौर असते. रात्रभर फुगड्या-झिम्मा खेळणाऱ्या मुलींना भाजणीच्या वड्यांबरोबर उसळ लागतेच, आणि रोवणीचा दिवस काढून आलेल्या यजमानीणबाईला त्या वेळी पुन्हा नव्याने भिजवण्याचे सुचत नाही. वाटीभर मोड तयार असले तर आणखी चार मुली आल्या तरी पान कमी पडत नाही. फक्त मंगळवारी वापरण्यापूर्वी ते हुंगून पाहावेत.